स्टॉकहोमची ती रुग्ण आणि म्हातारपणाचा शोध

१९५०चं दशक सरत आलं होतं. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत डॉ. रॉल्फ लुफ्ट यांच्याकडे एक बाई आल्या. वय पस्तिशीच्या आसपास, पण दुखणं सात वर्षांच्या असल्यापासूनचं. अंगाला सारखा घाम, सारखी तहान, आणि कितीही खाल्लं तरी अंगी काही लागायचं नाही. दिवसाला तीन हजारांवर कॅलरी पोटात जात होत्या आणि शरीर खंगतच चाललं होतं. उष्मा जराही सोसवत नव्हता, हातापायांत जोर उरला नव्हता.

ही लक्षणं ऐकली की कुठलाही डॉक्टर आधी थायरॉइडचा संशय घेईल. बाईंच्या बाबतीतही तेच झालं होतं. थायरॉइडची शस्त्रक्रिया झाली, औषधं झाली, दुखणं तिथंच. शरीर स्वस्थ पडून असताना किती ऑक्सिजन वापरतं, यावरून चयापचयाचा मूळ दर काढतात. बाईंचा दर सामान्य माणसाच्या दुपटीहून पुष्कळ वर होता, आणि थायरॉइडच्या तपासण्यांत मात्र दोष सापडत नव्हता. लुफ्ट हे अंतःस्रावी ग्रंथींचेच तज्ज्ञ. आपल्या विषयाच्या चौकटीत हे दुखणं बसत नाही हे त्यांनी मान्य केलं आणि त्यापुढचा प्रश्न विचारला: ग्रंथीकडून हुकूम येत नसताना शरीर एवढं जळतंय, तर मग जाळ पेशीच्या आतच लागलेला असेल का?

हा प्रश्न सुचायला ती वेळही अनुकूल होती. पेशीतले धाग्यांसारखे, दाण्यांसारखे कण जीवशास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकापासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत आले होते. १८९० साली रिखार्ड आल्टमान यांनी तर हे कण म्हणजे पेशीत राहणारे स्वतंत्र सूक्ष्म जीवच असावेत असं लिहिलं होतं, आणि लोकांनी ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. १८९८मध्ये कार्ल बेंडा यांनी या कणांना मायटोकॉन्ड्रिया म्हटलं. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्या तंतुकणिका म्हणून भेटतात. त्या करतात काय, हे कळायला पुढची पन्नास वर्षं गेली. १९२९ साली हार्वर्डमध्ये सायरस फिस्क आणि आंध्रातल्या भीमावरमहून तिथं गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी, आणि त्याच सुमारास जर्मनीत कार्ल लोमान यांनी स्वतंत्रपणे, स्नायूंत एटीपी हा रेणू शोधला. पेशी आपली ऊर्जा याच रेणूच्या रूपात खर्च करते. सुब्बारावांचं नाव आपल्याकडे अजूनही जितकं घ्यायला हवं तितकं घेतलं जात नाही, याची मला खंत वाटते. १९४८मध्ये शिकागोत यूजीन केनेडी आणि आल्बर्ट लेनिंजर यांनी दाखवून दिलं, की अन्नाचं ज्वलन करून त्यातून एटीपी घडवण्याचं काम याच कणांत होतं. १९५०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कणांच्या आतल्या पडद्याच्या घड्या दिसू लागल्या. म्हणजे लुफ्ट यांना जे विचारायचं होतं ते तपासायची साधनं नुकतीच, जेमतेम दहा वर्षांत, हाताशी आली होती.

आणि ती वापरणारी माणसं त्यांच्याच शहरात होती. लार्स एर्न्स्टर हे हंगेरीत जन्मलेले, महायुद्धानंतर स्वीडनमध्ये आलेले जीवरसायनशास्त्रज्ञ. ब्यर्न आफसेलियस इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातले वाकबगार. बाईंच्या स्नायूचा छोटा तुकडा काढला गेला. त्याचा काही भाग आफसेलियस यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली गेला. तिथं दिसलं ते असं: मायटोकॉन्ड्रियांची संख्या भलतीच वाढलेली, आकार वेडेवाकडे, आतल्या घड्या दाटीवाटीनं भरलेल्या. उरलेल्या तुकड्यातून एर्न्स्टर यांच्या प्रयोगशाळेत मायटोकॉन्ड्रिया वेगळ्या काढून त्यांचा श्वास मोजला गेला. निरोगी मायटोकॉन्ड्रिया हिशोबी असतात. पेशीनं एटीपी खर्च केला, त्यातून एडीपी परत आला, की त्यांचा ऑक्सिजनचा वापर वाढतो. मागणी नसली की तो मंदावतो. बाईंच्या मायटोकॉन्ड्रियांवर हा ताबाच उरला नव्हता. एडीपी असो वा नसो, त्या जवळजवळ पूर्ण वेगानं ऑक्सिजन जाळत होत्या. चूल दिवसभर धगधगतेय आणि वर भांडंच ठेवलेलं नाही, अशी ती गत. अन्न जळत होतं आणि त्याची नुसती उष्णता होत होती. तो घाम आणि ती तहान यांचा उलगडा इथं होत होता.

१९६२ साली अमेरिकेतल्या ‘जर्नल ऑफ क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन’मध्ये हा निबंध छापून आला. पेशीतल्या एका विशिष्ट घटकाच्या बिघाडावर बोट ठेवून माणसाच्या आजाराचा उलगडा केल्याचं हे पहिलं ठळक उदाहरण. नंतर १९७०च्या दशकात जॉर्डनमधल्या एका स्त्रीत तसाच आजार आढळला. त्या दोघींपलीकडे तो जवळजवळ कुणात सापडलेलाच नाही. एवढा दुर्मीळ आजार, म्हणजे वैद्यकानं त्याची नोंद करून फाइल कपाटात टाकायला हरकत नव्हती. तसं झालं नाही, कारण या एका बाईंमुळे डॉक्टरांना एक नवीन जागा दिसली. स्नायूंचं न कळणारं दुखणं, अकारण थकवा, डोळ्यांच्या पापण्या गळणं, अशा तक्रारी असलेल्या रुग्णांच्या स्नायूंचे तुकडे जगभर सूक्ष्मदर्शकाखाली जाऊ लागले.

कणांचा हिशोब पाळला कसा जातो, याचं उत्तर त्याच वर्षांत ब्रिटनमध्ये पीटर मिचेल शोधत होते. १९६१मध्ये त्यांनी मांडलं, की अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन आतल्या पडद्यातल्या प्रथिनांवरून पुढे सरकत जातात तेव्हा प्रोटॉन पडद्याच्या बाहेर ढकलले जातात, आणि ते परत आत येतानाच्या ओढीवर एटीपी तयार होतो. पडदा गळका झाला की प्रोटॉन फुकट आत येतात, ज्वलन चालू राहतं, एटीपी होत नाही. मिचेल यांचं म्हणणं मान्य व्हायला वर्षं लागली. कॉर्नवॉलमधल्या बॉडमिनजवळ एक जुनी हवेली दुरुस्त करून त्यांनी जेनिफर मॉइल यांच्यासह तिथं स्वतःची प्रयोगशाळा थाटली. १९७८चं नोबेल त्यांना मिळालं.

म्हातारपणाचा धागा या गोष्टीत आला तो अमेरिकेतून, तोही एका तेलकंपनीतून निघालेल्या रसायनशास्त्रज्ञाकडून. डेनम हारमन शेल कंपनीच्या संशोधन विभागात काम करत. फ्री रॅडिकल म्हणजे एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेले, म्हणून दिसेल त्याच्याशी अभिक्रिया करायला टपलेले रेणू. त्यांच्या अभिक्रिया हा हारमन यांचा रोजचा विषय. १९४५मध्ये त्यांच्या पत्नीनं ‘लेडीज होम जर्नल’ या मासिकातला म्हातारपणावरच्या संशोधनाचा एक लेख त्यांना वाचायला दिला, आणि तो विषय त्यांच्या डोक्यातून गेलाच नाही. चांगली नोकरी सोडून ते स्टॅनफर्डला वैद्यक शिकले. १९५४मध्ये बर्कलीच्या डॉनर प्रयोगशाळेत असताना ते काही महिने याच एका प्रश्नाला भिडले होते: सगळे प्राणी म्हातारे होतात, म्हणजे सगळ्यांत समान असं एखादं कारण असलं पाहिजे. ते कोणतं? नोव्हेंबरमध्ये त्यांना उत्तर सुचलं. फ्री रॅडिकल. किरणोत्सर्गानं शरीराची जी हानी होते ती फ्री रॅडिकलमुळेच होते. त्याच वर्षी रोचेस्टरला रेबेका गर्शमन या अर्जेंटिनाच्या शास्त्रज्ञ बाईंनी अति ऑक्सिजनाची बाधा आणि क्ष-किरणांची बाधा यांचं मूळ एकच आहे, हे मांडलं होतं. हारमन यांनी पुढचं पाऊल टाकलं. आपण रोज जो श्वास घेतो, त्याच ऑक्सिजनातून शरीरात हेच रेणू थोडे थोडे तयार होत असणार, आणि आयुष्यभर साचलेली ही हानी म्हणजेच म्हातारपण. १९५६ साली हा सिद्धान्त छापून आला.

सुरुवातीला फार थोड्यांनी तो मनावर घेतला. असे रेणू जिवंत पेशीत असतात हेच कित्येकांना पटत नव्हतं. १९६९मध्ये ड्यूक विद्यापीठात जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड या अशाच एका फ्री रॅडिकलला नष्ट करणारं एन्झाइम शोधलं, तेव्हा चित्र पालटलं. शरीरानं शत्रूसाठी खास पहारेकरी नेमला आहे, तर शत्रू आहेच! हारमन तोवर नेब्रास्कात उंदरांना अँटिऑक्सिडंट घातलेलं खाद्य देऊन पाहत होते. उंदीर सरासरीनं जास्त जगायचे, पण सर्वांत जास्त जगणाऱ्या उंदराचं वय काही केल्या पुढे सरकत नव्हतं. इथं त्यांनी जो विचार केला तो मला त्यांच्या मूळ सिद्धान्ताहूनही महत्त्वाचा वाटतो. औषध खाऊनही आयुष्याची कमाल मर्यादा हलत नाही, म्हणजे जिथं हानी होते तिथं औषध पोचतच नसावं. पेशीतला बहुतेक सगळा ऑक्सिजन कुठे वापरला जातो? मायटोकॉन्ड्रियात. १९७२ साली त्यांनी लिहिलं, की आयुष्याचं घड्याळ बहुधा तिथंच असेल. पुढच्याच वर्षी ब्रिटन चान्स आणि आल्बेर्तो बोव्हेरिस यांची मोजमापं आली. वेगळ्या काढलेल्या मायटोकॉन्ड्रियांतून अशा रेणूंपासून बनणारं हायड्रोजन पेरॉक्साइड खरोखरच बाहेर पडत होतं.

सिद्धान्त जमत चालला होता. त्याला हवा होता तो मायटोकॉन्ड्रियातच साचू शकेल असा काहीतरी कायमचा डाग, आणि त्याची जागा आधीच सापडलेली होती, पुन्हा स्टॉकहोममध्येच. १९६३ साली तिथल्या वेनर-ग्रेन संस्थेत मार्गिट आणि सिल्व्हान नास या दांपत्याला कोंबडीच्या भ्रूणपेशींतल्या मायटोकॉन्ड्रियांत बारीक तंतू दिसले. डीएनए पचवणारं एन्झाइम घातलं की ते तंतू नाहीसे व्हायचे. डीएनए फक्त पेशीकेंद्रकात असतो ही समजूत तिथं मोडली. आल्टमान यांचं सत्तर वर्षांपूर्वीचं म्हणणं पुन्हा वर आलं. १९६७मध्ये लिन सेगन, म्हणजे पुढच्या लिन मार्ग्युलिस, यांनी मांडलं, की हे कण मूळचे स्वतंत्र जिवाणू होते आणि दुसऱ्या पेशीत राहायला आले ते तिथलेच झाले. जुन्या जिनगीतला थोडा डीएनए त्यांनी जवळ ठेवला आहे.

तो किती, हे १९८१मध्ये केंब्रिजला फ्रेडरिक सँगर यांच्या प्रयोगशाळेनं अक्षर न् अक्षर वाचून काढलं. १६,५६९ अक्षरं, ३७ जनुकं. केंद्रकातल्या तीन अब्ज अक्षरांपुढे हे काहीच नाही. पण त्यातली १३ जनुकं थेट त्या ज्वलनयंत्राचे भाग घडवतात. या वर्तुळाकार डीएनएची प्रत पेशीत एकच नसते. शेकडो, हजारो प्रती असतात. आणि हा डीएनए जवळजवळ नेहमी आईकडूनच मिळतो. हे १९८०मध्ये डग्लस वॉलेस आणि सहकाऱ्यांनी माणसांत दाखवलं होतं.

१९८८ हे वर्ष या इतिहासात वेगळं काढून सांगायला हवं. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या मज्जासंस्था संस्थेत इयन होल्ट, अनिता हार्डिंग आणि जॉन मॉर्गन-ह्यूज यांनी मायटोकॉन्ड्रियाजन्य स्नायुविकार असलेल्या २५ रुग्णांचे स्नायू तपासले. नऊ जणांच्या काही मायटोकॉन्ड्रियांतला डीएनए मोठा तुकडा गळालेला निघाला. त्याच वर्षी वॉलेस यांनी जर्मन नेत्रतज्ज्ञ थिओडोर लेबर यांनी १८७१मध्ये वर्णन केलेल्या आजाराचं मूळ शोधलं. या आजारात धडधाकट तरुण मुलाची नजर, ऐन विशी-पंचविशीत, काही आठवड्यांत मध्यभागापासून विझत जाते, आधी एका डोळ्याची आणि मग दुसऱ्याची. घराण्यात तो आईकडून उतरतो, बापाकडून कधीच नाही. त्या १६,५६९ अक्षरांपैकी ११,७७८व्या जागी एक अक्षर बदललेलं होतं. एवढंच. शंभरावर वर्षं नेत्रतज्ज्ञ ज्या कोड्याभोवती फिरत होते ते एका अक्षरात सुटलं. अनिता हार्डिंग १९९५मध्ये, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी गेल्या. या विषयाला त्यांची पुढची वीस वर्षं मिळाली असती तर तो कुठे गेला असता, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

या आजारांनी आणखी एक गोष्ट शिकवली, आणि म्हातारपण समजायला तीच सर्वांत उपयोगी पडली. सदोष प्रती आणि निरोगी प्रती एकाच पेशीत शेजारी शेजारी नांदतात. बऱ्याच दोषांत सदोष प्रती साठ ते ऐंशी टक्क्यांच्या घरात जाईपर्यंत पेशी काही बोलत नाही. मग उंबरठा ओलांडला की एकाएकी कोलमडते. ज्या पेशींना ऊर्जा जास्त लागते त्या आधी पडतात. डोळ्याची नस, मेंदू, हृदय, स्नायू, कानाचा आतला भाग. वय झालेल्या माणसाचं नेमकं हेच आधी थकतं. १९८९मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अँथनी लिनेन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये हेच मांडलं, की मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएमध्ये आयुष्यभर साचत जाणारे दोष हे म्हातारपणाचं आणि म्हातारपणच्या आजारांचं एक मोठं कारण आहे. लगोलग वयस्कर माणसांच्या हृदयात आणि मेंदूत तसा तुकडा गळालेला डीएनए सापडलाही.

याच काळात कॅलिफोर्नियात एक भयंकर प्रकार घडला. १९८२च्या उन्हाळ्यात सॅन होजेच्या रुग्णालयात चाळिशीतला एक माणूस आला तो पुतळ्यासारखा ताठलेला. बोलणं नाही, हालचाल नाही. मानसिक आजार समजून त्याला त्या विभागात ठेवलं होतं. डॉ. विल्यम लँगस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं, की त्याची बोटं किंचित हलताहेत. त्याच्या हातात पेन्सिल दिली. अतिशय सावकाश, महत्प्रयासानं तो लिहू लागला. आतला माणूस पूर्ण जागा होता! लक्षणं शंभर टक्के कंपवाताची, तीही अखेरच्या टप्प्यातली, आणि ती आली होती काही दिवसांत. त्याच्या मैत्रिणीचीही हीच दशा होती. पाठोपाठ त्या भागात आणखी काही जण सापडले. सगळ्यांनी चोरून बनवलेलं एक नकली हेरॉइन टोचून घेतलं होतं. ते बनवताना चुकून एमपीटीपी नावाचं रसायन तयार झालं होतं. १९७९मध्ये मानसोपचाराच्या एका नियतकालिकात छापलेला अहवाल एका विषतज्ज्ञाला आठवला आणि साखळी जुळली. मेरीलँडमध्ये रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थ्यानं घरी तसलंच द्रव्य बनवलं होतं, आणि त्याचीही हीच गत झाली होती.

एमपीटीपी करतं काय? मेंदूत त्याचं दुसऱ्या रसायनात रूपांतर होतं. डोपामिन बनवणाऱ्या पेशी ते आपलंच समजून आत घेतात. तिथं ते मायटोकॉन्ड्रियात साचतं आणि इलेक्ट्रॉनांच्या वाटेवरचं पहिलंच प्रथिन-संकुल बंद पाडतं. पेशी मरते. हे कळल्यावर साहजिकच पुढचा प्रश्न आला, की कुठलंही विष न घेता ज्यांना म्हातारपणी कंपवात होतो त्यांच्या मेंदूचं काय? १९८९मध्ये लंडनच्या अँथनी शापिरा यांनी अशा मृत रुग्णांच्या मेंदूतला तोच भाग तपासला. तेच पहिलं संकुल कमकुवत सापडलं. पुढे आनुवंशिक कंपवाताची दोन जनुकं, पार्किन आणि पिंक-१, सापडली आणि ती काय करतात तेही कळलं. खराब झालेल्या मायटोकॉन्ड्रिया ओळखून पेशीत त्यांची विल्हेवाट लावण्याचं काम ती करतात. एका नशेच्या अपघातातून सुरू झालेली वाट इथवर आली. त्या ताठलेल्या रुग्णांपैकी दोघांवर स्वीडनमध्ये लुंड इथं गर्भातल्या मेंदूपेशींचं रोपण झालं आणि त्यांना बराच आराम पडला. १९९२मध्ये त्याचा अहवाल निघाला. त्या माणसांनी विज्ञानाला जे दिलं ते स्वखुशीनं दिलेलं नव्हतं, हे हा इतिहास सांगताना विसरता कामा नये.

इथपर्यंत आजारांविषयीचं प्रत्येक पाऊल एखाद्या रुग्णाच्या देहातून निघालं होतं. हारमन यांच्या सिद्धान्ताची वाट वेगळी होती. तो डोक्यातून निघाला होता, सुबक होता, आणि त्यातून उपाय लगेच सुचत होता: फ्री रॅडिकल वाईट, तर ते मारणाऱ्या गोळ्या घ्या. अँटिऑक्सिडंट हा शब्द विज्ञानाच्या नियतकालिकांतून डब्यांवर आणि बाटल्यांवर गेला. आपल्याकडच्या औषधदुकानांतही त्या गोळ्या आल्या आणि आजही कितीतरी घरांत जेवणानंतर घेतल्या जातात. त्यांची खरी परीक्षा झाली ती फिनलंडमध्ये. ५० ते ६९ वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना पाच ते आठ वर्षं बीटा कॅरोटीन, ई-जीवनसत्त्व, दोन्ही किंवा औषध नसलेली नुसती गोळी देण्यात आली. भाजीपाला जास्त खाणाऱ्यांत कर्करोग कमी दिसतो, या निरीक्षणाचाही त्यामागे आधार होता. १९९४मध्ये निकाल आला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेत अशीच १८ हजारांवर लोकांची चाचणी चालू होती. ती जानेवारी १९९६मध्ये मध्येच थांबवावी लागली. बीटा कॅरोटीन आणि अ-जीवनसत्त्व घेणाऱ्या गटात फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्के आणि मृत्यू १७ टक्के जास्त होते. २००७मध्ये अशा ६८ चाचण्यांमधल्या २,३२,६०६ माणसांची आकडेवारी एकत्र मांडली गेली. चोख चाचण्यांपुरतं पाहिलं तर बीटा कॅरोटीन, अ आणि ई जीवनसत्त्व यांनी मृत्यू कमी होण्याऐवजी थोडे वाढलेच होते.

मला या आकड्यांचा राग येतो. सिद्धान्त मांडण्यात गैर काही नव्हतं. हारमन स्वतः प्रामाणिक आणि चिवट संशोधक होते. उंदरांच्या आयुष्याची मर्यादा हलत नाही हे त्यांनी लपवलं नाही, उलट त्यातूनच पुढचा विचार केला. पण सिद्धान्त आणि बाटली यांच्यामध्ये जो वेळ जायला हवा होता तो जाऊ दिला गेला नाही. पेशीत हेच फ्री रॅडिकल निरोप पोचवायचं कामही करतात, हे बरंच नंतर कळलं. जर्मनीतल्या मिखाएल रिस्टोव्ह यांनी २००९मध्ये दाखवलं, की व्यायामानं इन्सुलिनचा परिणाम सुधारतो, पण सोबत क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्या तर ती सुधारणा होत नाही. व्यायामात मायटोकॉन्ड्रियातून उठणारा तो थोडासा ताण शरीराला हवाच असतो. त्याच वर्षी मॉन्ट्रियलमध्ये सिगफ्रिड हेकिमी यांच्या प्रयोगशाळेत एका सूक्ष्म कृमीतून मायटोकॉन्ड्रियातला तो पहारेकरी, सुपरऑक्साइड मारणारं एन्झाइम, काढून टाकलं. कृमी लवकर मरायला हवे होते. ते जास्त जगले.

मग हारमन चुकले का? मायटोकॉन्ड्रियाकडे बोट दाखवण्यात नाही. त्याचा निवाडा २००४ साली पुन्हा स्टॉकहोमच्याच कॅरोलिन्स्का संस्थेत झाला. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएची नक्कल करणारं एक एन्झाइम असतं आणि नक्कल करताना झालेली चूक ते स्वतःच दुरुस्त करतं. नील्स-योरान लार्शोन यांच्या गटानं, ज्यात अलेक्सांद्रा त्रिफुनोविच पुढे होत्या, उंदरांतल्या त्या एन्झाइमची फक्त ही दुरुस्तीची ताकद काढून टाकली. पिल्लं जन्मली ती ठीकठाक. साधारण पंचविसाव्या आठवड्यापासून, म्हणजे उंदराच्या ऐन तारुण्यात, त्यांचं वजन घटू लागलं. केस विरळ झाले, पाठीला बाक आला, हाडं ठिसूळ झाली, रक्त कमी झालं, प्रजननक्षमता गेली, हृदय मोठं झालं. निम्मे उंदीर साधारण ४८ आठवड्यांत गेले आणि ६१ आठवड्यांपलीकडे एकही जगला नाही. एरवी हे उंदीर दोन वर्षांच्या आसपास जगतात. म्हातारपणाची एवढी लक्षणं एका बारीक फेरफारातून! पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या टॉमस प्रोला यांच्या गटानंही तशाच उंदरांत हेच पाहिलं. आणि दोन्ही ठिकाणी फ्री रॅडिकलची हानी शोधली गेली तेव्हा ती वाढलेली दिसलीच नाही. जागा हारमन यांनी सांगितली तीच होती, तिथं काय घडतं ते मात्र त्यांच्या अंदाजासारखं नव्हतं.

उंदरांवर भाळून जायचं कारण नाही, असंही काही शास्त्रज्ञांनी लगेच बजावलं. त्या उंदरांत जितके दोष होते त्याच्या जवळपासही म्हाताऱ्या माणसाच्या शरीराची सरासरी जात नाही. हा आक्षेप रास्त आहे. पण इथं सरासरी फसवते. २००६मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला डग टर्नबुल यांच्या गटानं वृद्धांच्या मेंदूतल्या त्याच डोपामिनच्या भागातल्या पेशी एकेक करून वेगळ्या काढल्या. कंपवात नसलेल्या वृद्धांच्याही या पेशींत मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएपैकी चाळीस टक्क्यांवर प्रती तुकडा गळालेल्या होत्या. कंपवात झालेल्यांत त्याहून थोड्या जास्त. आणि ज्या पेशींनी उंबरठा ओलांडला होता त्यांचा श्वास बंद पडलेला होता. आयुष्यात कधीतरी एका प्रतीत चूक होते, तिच्याच नकला वाढत जातात आणि काही दशकांत ती पेशी भरून टाकतात. शेजारची पेशी कदाचित स्वच्छ असते. म्हातारपण सगळ्या शरीरावर सारखं पसरत नाही, ते असं मोझेइकसारखं, ठिपक्या-ठिपक्यांनी येतं.

२०११मध्ये कॅनडातल्या मार्क टार्नोपोल्स्की यांच्या गटानं त्या लवकर म्हाताऱ्या होणाऱ्या उंदरांना आठवड्यातून तीनदा, पाऊण पाऊण तास, पाच महिने फिरत्या पट्ट्यावर पळवलं. बसून असलेली त्यांची भावंडं टक्कल पडून, वाकून गेली. पळणाऱ्यांची लव, स्नायू, हृदय, मेंदू जवळजवळ साध्या उंदरांसारखे राहिले. एन्झाइमचा दोष होता तसाच होता. गोळीच्या बाबतीत मात्र असं काही हाती लागलेलं नाही. कंपवातावर मायटोकॉन्ड्रियाला बळ देणारं म्हणून कोएन्झाइम क्यू-१० मोठ्या मात्रेत देऊन पाहिलं गेलं. सहाशे रुग्णांची ती चाचणी उपयोग होत नाही म्हणून थांबवावी लागली.

आईकडून उतरणाऱ्या आजारांत मात्र काम पुढे गेलं आहे. ज्या आईच्या मायटोकॉन्ड्रिया सदोष आहेत तिच्या फलित बीजाचं केंद्रक काढून, निरोगी मायटोकॉन्ड्रिया असलेल्या दुसऱ्या स्त्रीच्या फलित बीजात ठेवायचं. न्यूकॅसलनं हे तंत्र वर्षानुवर्षं घासून तयार केलं, आणि ब्रिटिश संसदेनं २०१५मध्ये त्याला कायद्यानं परवानगी दिली. जुलै २०२५मध्ये त्याचे पहिले निकाल छापून आले. सात मातांना आठ बाळं, त्यात एक जुळं. सगळी तोवर निरोगी. पाच बाळांत सदोष डीएनए सापडलाच नाही. केंद्रक उचलताना आईच्या काही मायटोकॉन्ड्रिया चिकटून येतात, त्यामुळे तिघांत तो थोडा उरला, ५ ते १६ टक्क्यांच्या दरम्यान. आजाराचा उंबरठा याच्या बराच वर आहे. पण पेशी वाढताना हे प्रमाण वाढतं की घटतं, हे फक्त ती मुलं मोठी होतानाच दिसेल, आणि म्हणून न्यूकॅसलचे डॉक्टर त्यांना ठरावीक अंतरानं तपासत आहेत.